केळीचा काटा आणि मराठी पावती: कामाच्या नोंदी

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी गटाच्या शेडवर हे काम चालू आहे. तिथे आजवर केळी अशी मोजली जायची: काट्याच्या इंडिकेटरवर, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डब्यावर, वजन येतं, मापाडी ते मोठ्याने म्हणतो, मुनीम वहीत लिहितो आणि शेतकऱ्याला पेनाने लिहिलेली चिठ्ठी मिळते. वाद झाला तर दाखवायला कोणाकडेच काही नसतं. काट्यावरचा आकडा थेट संगणकात यावा, पावती मराठीत छापून मिळावी आणि हिशेब कसा झाला हे शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, ज्याला हवं त्याला उघडून बघता यावं, यासाठी हा खटाटोप. प्रोग्रॅम 'जीपीएल' या मुक्त परवान्याखाली खुला आहे, म्हणजे आतलं कोड कोणालाही बघता आणि बदलता येतं. आठवडाभर मी परगावच्या एका कंपनीच्या सर्व्हरची कामं करते, घर त्यावर चालतं. हे काम मुख्यतः रविवारचं. दुसऱ्या गावात कोणी हेच करायला घेतलं तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

१२ जानेवारी २०२५

शेड बघून आले. ३०० किलोचे दोन प्लॅटफॉर्म काटे आहेत, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, त्यामुळे इंडिकेटरही वेगळे. दोन्हींच्या पाठीमागे नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट आहे. काटेवाल्याने ते कधी वापरलेलं नाही, पोर्टावर धुळीचा थर होता.

पहिला नियम आजच ठरवला: इंडिकेटर उघडायचा नाही. त्यावर वैधमापन खात्याचं सील आहे आणि २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे काटा पडताळून शिक्का मारलेला असावा लागतो. सील तुटलं की काटा व्यवहाराला चालत नाही. आपण फक्त पोर्टातून जे बाहेर येतं ते वाचायचं.

उरलेला दिवस मुनीम आणि गटाचे नाना यांच्याशी बोलण्यात गेला, आणि खरं काम तेच होतं. माल चार नावांनी लागतो: नवती (नव्या लागणीचा), पिलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांचा), कांदेबाग (पावसाळ्यानंतरच्या लागणीचा) आणि वापसी (बाजूला काढलेला हलका). प्रत्येकाचा भाव वेगळा. भाव ठरवताना सगळ्यांचं लक्ष बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे असतं. फण्या कॅरेटात भरून आल्या तर कॅरेटचं वजन वजा होतं. घड दांड्यासकट आला तर दांड्याची कपात होते, ती किती धरायची हे त्या दिवशी ठरतं. हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं. मुनीमांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. असा कागद हातात नसेल तर कोडची एकही ओळ लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९ जानेवारी

चाचणीच्या लिनक्स संगणकाला सिरीयलवरून यूएसबीवर आणणारी केबल लावली. अडचणी आल्या त्या क्रमाने लिहिते, कारण प्रत्येकाला याच क्रमाने येतील.

केबल जोडली, काहीच येईना. दोन्ही टोकांना पाठवायची तार पाठवायच्या तारेला जोडलेली होती. पिन दोन आणि तीन अदलाबदल करणारा छोटा जोड जळगावात ८० रुपयांना मिळाला. पिन पाच सरळ ठेवायची.

मग परवानगी नाही म्हणून नकार. वापरकर्त्याला लिनक्सच्या 'डायलआउट' गटात (ज्याला सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असते) घातलं, बाहेर पडून पुन्हा आत आले, मग पोर्ट उघडलं. पुन्हा आत येणं राहिलं तर गटात घातल्याचा काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिसऱ्या गोष्टीत. केबल लावली की पोर्ट दिसायचं आणि क्षणात नाहीसं व्हायचं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी वाचल्या तेव्हा कळलं की 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्रॅम ते पोर्ट ताब्यात घेतो आहे. अंध वापरकर्त्यांचे ब्रेल डिस्प्ले चालवणारा हा मुक्त प्रोग्रॅम आहे आणि काही ब्रेल उपकरणांत आमच्या केबलमधलीच सीएच३४० चिप असते. चिपची ओळख एकच, म्हणून तो केबललाच ब्रेल डिस्प्ले समजतो. शेडवर ब्रेल उपकरण लागणार नाही, तेव्हा तो काढला. ज्यांच्याकडे तो लागतो त्यांनी काढू नये, फक्त या चिपपुरता नियम बंद करावा.

२६ जानेवारी

आकडे येऊ लागले, पण चुकीचे. एका काट्यावर २४५.० किलो ठेवले आणि पडद्यावर बरोबरच्या चिन्हामागे '०.५४२००' आलं. आधी वाटलं पोर्टाचा वेग चुकला आहे. २४००, ४८००, ९६०० सगळे घालून पाहिले. वेग चुकला तर कचरा अक्षरं येतात, इथे तर अंक स्वच्छ होते. पाच किलोचं माप ठेवलं, मग दहाचं, मग दोन्ही, आणि शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा उलगडा झाला: हा इंडिकेटर एककाचा अंक आधी पाठवतो. पूर्ण ओळ उलटी वाचायची. दुसरा इंडिकेटर सरळ पाठवतो.

यात एक धोका आहे. इंडिकेटर दशांश आणि आधीची शून्यं पाठवत नसेल तर १२१ किलो किंवा २२२ किलो उलटं-सुलटं सारखंच दिसतं. तिथे अशा एकाच वजनावर तपासून समाधान मानलं तर चूक थेट पावतीवर जाईल. नवीन काटा जोडाल तेव्हा निदान तीन वेगवेगळी वजनं ठेवा आणि त्यांतलं एक असं घ्या ज्याचे सगळे अंक निराळे आहेत.

२ फेब्रुवारी

स्थिर वजन म्हणजे काय, यावर दिवस गेला. सरळ पाठवणारा इंडिकेटर आकड्याबरोबर 'स्थिर' अशी खूण पाठवतो. उलटा पाठवणारा काहीच खूण देत नाही, नुसते आकडे सोडत राहतो. कॅरेट आपटून ठेवलं की आकडा वर जातो, मग खाली येतो. हमालाचा हात कॅरेटवर असेल तर दोनतीन किलो जास्त दाखवतो.

उपाय साधा केला. सलग दोन सेकंद तोच आकडा आला तर तो स्थिर. पडद्यावर तेव्हाच हिरवा चौकोन येतो आणि तेव्हाच पावतीचं बटण चालू होतं. आधी अर्धा सेकंद ठेवला होता, तो पुरला नाही, कारण कॅरेट सोडण्याआधी हमाल क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात आकडा पकडला जातो. मापाडी काकांनी ही गोष्ट दाखवून दिली, मला टेबलावर बसून ती कधीच दिसली नसती. काटा रिकामा होऊन शून्यावर आल्याशिवाय पुढचं वजन घ्यायचं नाही, ही अटही त्यांचीच.

१६ फेब्रुवारी

संगणकासाठी गटाकडे एक जुनं ३२ बिटी नेटबुक पडून होतं, २ जीबी मेमरीचं. त्यावर डेबियन १२ (लिनक्सची एक मुक्त प्रणाली) टाकलं. नवीन मशीन घेऊ म्हणत होते, मी थांबवलं. काम चालतं का ते आधी बघू.

९ मार्च

छपाई. तीन आठवड्यांचे रविवार यातच गेले, म्हणून सविस्तर.

८० मिमीचा थर्मल प्रिंटर घेतला, ५,२०० रुपये. इंग्रजी मजकूर पाठवला तर लगेच छापतो, कारण इंग्रजी अक्षरं त्याच्या आतच साठवलेली असतात. मराठी पाठवलं की प्रश्नचिन्हं आणि चौकोन. काही प्रिंटरांच्या माहितीपत्रकात हिंदीचा उल्लेख असतो, तो वाचून फसू नका. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी यावी लागते, रफार पुढच्या अक्षरावर चढतो, जोडाक्षरं जुळवावी लागतात. ही जुळवाजुळव प्रिंटर करत नाही. ती संगणकातच करून पावतीचं चित्र तयार करायचं आणि चित्र पाठवायचं, हाच मार्ग आहे.

चित्र बनवायला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली 'पिलो' लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली. छापलं ते असं: 'किलो'ची वेलांटी क च्या पुढे, 'निंभोरा' विस्कटलेला, 'क्विंटल' तुटलेलं. कारण असं निघालं की मी पिलो लायब्ररी नेटबुकावरच मूळ कोडवरून बांधून घेतली होती आणि बांधताना तिला अक्षरांची जुळणी करणारं 'रॅक्म' मिळालं नव्हतं. रॅक्म नसेल तर पिलो तक्रार करत नाही, मुकाट्याने अक्षरं एकापुढे एक मांडते. मी फॉन्ट बदलत बसले, मुक्ता, लोहित, नोटो, आणि दोष कुठल्याच फॉन्टचा नव्हता. शेवटी पिलो सोडली आणि मजकूर मांडणारं 'पँगो' आणि चित्र काढणारं 'कैरो' घेतलं. पँगो आतून 'हार्फबझ' वापरतं, अक्षरांची जुळणी तिथे नीट होते. पँगोला मजकुराची भाषा मराठी आहे असं वेगळं सांगा. ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श आहेत, तो मग तेच वापरतो. नाना पावती हातात घेऊन म्हणाले, "हा ल आपला आहे." एवढ्यासाठीही ती एक ओळ लिहावी.

पुढची अडचण मापाची. हा प्रिंटर इंचाला २०३ ठिपके छापतो, म्हणजे मिलिमीटरला आठ. कागद ८० मिमीचा असला तरी छपाई ७२ मिमीत होते, म्हणजे रुंदी ५७६ ठिपके. ५८ मिमीच्या प्रिंटरला ३८४. चित्र नेमकं त्या रुंदीचं बनवा. मी मोठं बनवून लहान करत होते, त्यात शिरोरेषा कुठे जाड, कुठे गायब. आणि चित्र शुद्ध काळं-पांढरं हवं. कडा मऊ करण्यासाठी जे राखाडी ठिपके येतात ते थर्मल प्रिंटरवर कचऱ्यासारखे उमटतात. पँगोमध्ये ते बंद केलं आणि अक्षरं थोडी जाड घेतली.

शेवटची गोष्ट: लांब पावती अर्ध्यात बिघडून पुढे अगम्य अक्षरांचा पट्टा निघायचा. प्रिंटरची मेमरी भरून जात होती. छपाईच्या लायब्ररीत चित्राचे तुकडे करून पाठवायची सोय आहेच, फक्त तुकड्याची उंची ९६० ठिपक्यांवरून खूप खाली आणली. आता दिवसअखेरचा लांब गोषवाराही न अडखळता निघतो.

१६ मार्च

सभासदांची यादी भरली आणि शोध चालेना. केऱ्हाळे गावचे अर्धेच सभासद सापडत होते.

गावाच्या नावातला 'ऱ्हा' दोन पद्धतींनी टाइप होतो. कोणी ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त देतो, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला दोन वेगळी गावं वाटतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण इथे पुरत नाही, ते जोडकाला हात लावत नाही. म्हणून साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा, जोडकवाला र आपण ऱ मध्ये बदलून घेतो. आपल्या भागात हे टाळता येणार नाही: केऱ्हाळे, बऱ्हाणपूर, बऱ्हाटे आडनाव. रावेर-भुसावळकडे मराठी नावांचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही तीन नावं चाचणीतच घालून ठेवावीत.

मुनीमांना टायपिंग नको होतं म्हणून नाव टाइप करणंच काढलं. सभासद क्रमांक दाबला की नाव येतं. रोजच्या कामाला आकड्यांच्या कळा पुरतात.

३० मार्च

पाडवा. कटाई बंद, शेड रिकामं, म्हणून निवांत चाचणी करता आली. दोन्ही काटे जोडले. नेटबुक बंद-चालू केलं आणि काट्यांची अदलाबदल झाली: पहिल्या काट्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर.

लिनक्स यूएसबी पोर्टांना सापडतील त्या क्रमाने नंबर देतं. या स्वस्त चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो, दोन केबली जुळ्या दिसतात. एफटीडीआय चिपवाल्या दोन केबली मागवल्या, ९०० रुपयांना एक. त्यांच्यात अनुक्रमांक असतो आणि त्यावरून काटा कायमचा ओळखता येतो. पैसे नसतील तर केबल कुठल्या भोकात लावली आहे त्यावरून नाव देता येतं, पण मग झाडताना कोणी केबल काढून दुसरीकडे लावली की संपलं. इथे पैसे वाचवू नयेत.

३ एप्रिल

पहिला खरा दिवस. सुट्टी टाकून गेले. वही आणि संगणक दोन्ही सोबत चालवले. संध्याकाळी बेरीज जुळली, वजनाची पूर्ण, रुपयांची काही पैशांनी चुकली.

दोन कारणं. रक्कम मी अपूर्णांकात ठेवत होते, तो संगणक नेमका न धरता जवळपासचा धरतो, आणि पायथनचं पूर्णांकन बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, तर मुनीम अर्धा पैसा नेहमी वर धरतात. आता वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. पूर्णांकन मुनीमांच्या पद्धतीने, आणि फक्त एकदा, पावतीच्या शेवटी. पैशाचा फरक म्हणजे काहीच नाही असं कोणी म्हणेल. पण ज्या यंत्राची बेरीज वहीशी जुळत नाही त्यावर शेतकरी दुसऱ्या दिवशी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

२० एप्रिल

गटाची बैठक. माल घेणाऱ्यांच्या बाजूने मागणी आली की वजन झाल्यावर आकडा दुरुस्त करायची सोय हवी. कॅरेटची संख्या चुकते, प्रकार चुकतो, मग काय करायचं? मागणी खोटी नव्हती, चुका होतात.

मी नाही म्हटलं, पण कारण आणि पर्याय दोन्ही मांडले. छापलेली नोंद बदलणार नाही. चूक झाली तर ती पावती रद्द होईल, रद्द झाल्याची वेगळी पावती निघेल आणि नवीन पावती नव्या क्रमांकाने येईल. तिन्ही यादीत दिसतील. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीवरून काढलेली एक सांकेतिक ओळ आहे. मधली एक नोंद बदलली की पुढच्या सगळ्या ओळी चुकतात. दिवसअखेरच्या गोषवाऱ्यावर शेवटची ओळ छापली जाते आणि मुनीम तिचा फोटो सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात टाकतात. मग पुढच्या महिन्यात कोणी मागे जाऊन आकडा बदलला तर तो शंभर फोनमध्ये पडलेल्या फोटोशी जुळणार नाही.

एका तरुण शेतकऱ्याने विचारलं, "ताई, प्रोग्रॅम कोणीही बदलू शकतो म्हणता, मग कोणी कमी वजन दाखवणारा करून बसवला तर?" प्रश्न योग्य होता. बंद प्रोग्रॅमातही कोणीतरी ते करू शकतोच, फक्त आपल्याला बघता येत नाही. इथे पावतीच्या तळाशी आवृत्तीची खूण छापली आहे. गटाने मान्य केलेली आवृत्ती कोणती हे फळ्यावर लिहिलेलं आहे. मशीनवरचा प्रोग्रॅम तोच आहे का, हे तपासण्याची रीत एका पानात लिहून शेडच्या भिंतीवर लावली आहे. ज्याला शंका असेल त्याने संगणक जाणणाऱ्या कोणालाही आणावं, माझी परवानगी लागत नाही.

परवाना जीपीएलची तिसरी आवृत्ती, २००७ ची. एका सभासदाने विचारलं की मोकळा परवाना का नाही, ज्यात कोणीही घेऊन काहीही करील. कारण वजनाच्या बाबतीत मला ते नको आहे. कोणी हा प्रोग्रॅम घेऊन सुधारला आणि दुसऱ्या गटाला दिला, तर त्या गटालाही आतलं कोड मागता आलं पाहिजे. जीपीएल ही अट पुढे चालू ठेवते. पैसे घेऊ नका असं ती कुठेच म्हणत नाही. गटाने वर्षाच्या देखभालीचे १२,००० ठरवले, मी घेतले. उद्या मी वेळ दिला नाही तर ते दुसऱ्या कोणाला ठेवू शकतात, त्यांना माझ्यावर अडून राहावं लागणार नाही. मी हे बैठकीत मुद्दाम बोलून दाखवलं, कारण हा त्यांचा हक्क आहे आणि तो त्यांना माहीत असायला हवा.

११ मे

उन्हाळा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी नेटबुक आपोआप बंद पडू लागलं. आतली धूळ काढली, पंख्याची जागा बदलली, मशीन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवलं. आता चालतं.

खरी अडचण कागदाची निघाली. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने कागदच काळा होतो. उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या डब्यात ठेवलेल्या पावत्या करड्या झाल्या. त्याहून वाईट म्हणजे बँकेच्या पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरात जपून ठेवलेल्या पावत्या फिक्या पडल्या. मऊ प्लॅस्टिकमधली रसायनं थर्मल छपाई उडवतात. ज्याने सगळ्यात काळजीने ठेवली त्याचीच पावती गेली. एका आजोबांनी कोरी होत चाललेली पावती दाखवली तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी तीच पावती म्हणजे पैशांचा पुरावा आहे.

लगेच दोन गोष्टी केल्या. पावतीवर ठळक ओळ: 'प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, उन्हात ठेवू नका.' आणि क्रमांक सांगितला की जुनी पावती पुन्हा छापून मिळते, त्यावर 'नक्कल' लिहिलेलं येतं. कायमचा उपाय म्हणजे शाईच्या फितीचा डॉट मॅट्रिक्स आणि दुहेरी कागद. गटाच्या कपाटात नऊ पिनांचा एक जुना प्रिंटर आहे. त्याची उभी घनता इंचाला ७२ ठिपके, त्यात आपल्या मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. कागद इंचाच्या २१६ व्या भागाने सरकवत एकाच ओळीवर तीनदा छापलं तर अक्षर सुधारतं. प्रयोग चालू आहे, वेग मात्र फार कमी.

८ जून

वादळी पावसात वीज गेली. नेटबुकची बॅटरी मेलेली, मशीन जागेवर बंद. वीज आल्यावर तोच पावती क्रमांक दुसऱ्या शेतकऱ्याला छापला गेला. एका क्रमांकाच्या दोन पावत्या, वेगवेगळ्या नावांच्या.

नोंदी 'एसक्यूलाइट' या डेटाबेसमध्ये आहेत. वेग वाढावा म्हणून मी लिहिण्याची पद्धत 'नॉर्मल'वर ठेवली होती. त्यात वीज गेली तरी फाइल सहसा बिघडत नाही, पण अगदी शेवटची नोंद जाऊ शकते. पावती छापून झाली होती, नोंद डिस्कवर पोचली नव्हती. 'फुल'वर आणलं. दर पावतीला किंचित वेळ जास्त लागतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे वेगाची गरज कधीच नव्हती. दोन्ही शेतकऱ्यांना बोलावून, वहीवरून खात्री करून, पावत्या बदलून दिल्या. वही अजून चालू होती म्हणून निभावलं. पहिला हंगाम वही बंद करू नका.

याच दिवशी दुसरं सापडलं: वीज आल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, आणि शेडवर इंटरनेट नाही म्हणून वेळ आपोआप जुळत नाही. सेल ४० रुपयांचा. शिवाय प्रोग्रॅममध्ये अट घातली: घड्याळ शेवटच्या पावतीच्या मागे असेल तर पावती निघणार नाही, आधी तारीख बरोबर करा. इन्व्हर्टर गटाने घेतला, १४,५०० रुपये. सगळ्या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

१३ जुलै

आज मिळालेली दुरुस्ती माझी नाही. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ जळगावला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने सुट्टीत कोड वाचलं आणि कॅरेटच्या वजावटीत खोट काढली. एका शेतकऱ्याची पावती रद्द केली की कॅरेटची संख्या तशीच राहायची आणि पुढच्या शेतकऱ्याच्या वेळी ती बदलली नाही तर त्याच्या वजनातून जुनीच वजा व्हायची. त्याने नुसती तक्रार केली नाही, चूक दाखवणारी चाचणीही लिहून आणली.

त्याला गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) येत नव्हतं, फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आला होता. दुपारभर बसून शिकवलं: शाखा काढणं, बदल नोंदवणं, नोंदीत काय केलं यापेक्षा का केलं ते लिहिणं. नोंद त्याने मराठीत लिहिली, तशीच ठेवली. कोडच्या वर त्याचं नाव आहे, त्या ओळींवर हक्क त्याचा आहे, मी तो लिहून घेत नाही. मागच्या सगळ्या रद्द पावत्यांनंतरच्या पावत्या तपासल्या. तीन ठिकाणी शेतकऱ्याचं वजन कमी धरलं गेलं होतं. गटाने फरक दिला आणि फळ्यावर लिहिला.

१७ ऑगस्ट

९ ऑगस्टला डेबियन १३ आलं. ३२ बिटी मशीनवर ते बसवता येत नाही, तसा इन्स्टॉलर आता निघत नाही. हे नेटबुक डेबियन १२ वरच राहील. पुढच्या हंगामाआधी वापरलेला ६४ बिटी लॅपटॉप बघायचा, ९,००० च्या आत.

१४ सप्टेंबर

शहाद्याहून पपई उत्पादकांच्या एका गटाने प्रोग्रॅम नेला. त्यांचे दर आणि प्रकार वेगळे, ते एका फाइलीत बदलता येतात, तेवढं त्यांचं त्यांनी केलं. त्यांचा इंडिकेटर मात्र तिसऱ्याच पद्धतीने बोलतो: विचारल्याशिवाय वजन पाठवत नाही. आधी एक अक्षर पाठवावं लागतं, मग एकदाच उत्तर येतं. काटा वाचणारा भाग मी आधीच वेगळा ठेवला होता, त्यामुळे त्यांना एकच छोटी फाइल लिहावी लागली. ती त्यांनी परत पाठवली, मूळ प्रोग्रॅममध्ये घेतली.

इथवरचा खर्च, श्रम सोडून: प्रिंटर ५,२००, केबली १,८०० (आधीच्या स्वस्त केबलीचे ५०० वेगळे), जोड, सेल आणि कागदाची गुंडाळी मिळून ९००, इन्व्हर्टर १४,५००. म्हणजे २२,९००. नेटबुक जुनंच होतं. प्रोग्रॅम, फॉन्ट, डेटाबेस, संगणकप्रणाली यांना परवान्याचे पैसे पडले नाहीत. त्यातला प्रत्येक भाग कोणीतरी बसून लिहिला आहे आणि वापरू दिला आहे, म्हणून आपण फक्त काट्यापासून पावतीपर्यंतचं अंतर जोडलं.

राहिलेली कामं: डॉट मॅट्रिक्सचा वेग, लेवा बोलीतल्या सूचना आवाजात देता येतात का ते बघणं (मापाडी काकांना वाचायला चष्मा लागतो आणि हात चिकाने भरलेले असतात), आणि भुईकाट्याची जोडणी. भुईकाट्यात रिकामी गाडी आणि भरलेली गाडी अशी दोन वजनं एकाच पावतीत धरायची आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये अर्धा दिवस जाऊ शकतो.

तुमच्याकडे वेगळा इंडिकेटर असेल तर पोर्टातून येणारा मजकूर जसाच्या तसा एक मिनिटभर फाइलीत साठवा. काटा रिकामा, मग पाच किलो, मग सगळे अंक निराळे असलेलं एक वजन, असं करा आणि त्या त्या वेळी पडद्यावर काय दिसत होतं ते शेजारी लिहा. वेग कोणता ठेवला होता तेही. एवढं पाठवलंत तर तो काटा वाचणारी फाइल शेडवर न येताही लिहिता येईल.